शंभर टक्के म्हणजे कशाचे शंभर टक्के?

मिरग लागून चार-पाच दिवस झाले होते. डिचोली तालुक्यातल्या मामाच्या घरी दुपारी जेवायला बसलो होतो. सकाळचा पाऊस थांबून बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, आणि हुमणाचा पहिला घास घेतो तोच लाईट गेली. कुठेतरी माडाचं चुडत तारेवर पडलं असणार. पंखा हळूहळू थांबला. मामीने वाढता वाढता वर स्लॅबकडे बोट केलं. "बघ गो, वर सोलर, बाहेर ऊन आणि खाली पंखा बंद. तीन किलोवॉटचं लावून घेतलंय. मग ते जातं कुठे?"

मामीचा प्रश्न अगदी रास्त आहे. छपरावरची बहुतेक घरगुती यंत्रणा वीज खात्याच्या तारांना जोडलेली असते. तारेत वीज असेल तरच इन्व्हर्टर चालतो. तारेतली वीज गेली की तो क्षणात स्वतःला बंद करून घेतो, कारण तसं झालं नाही तर तुमच्या छपरावरची वीज उलट तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या लाईनमनला झटका बसेल. लाईट गेल्यावरही घर चालवायचं असेल तर बॅटरी लागते आणि तिला चालणारा वेगळा इन्व्हर्टर लागतो. पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. हा हिशेब पॅनलच्या क्षमतेवर होतो. बॅटरीचा खर्च ज्याचा त्याने करायचा.

मामा ऐकून घेत होता. तो पहिल्यापासून भाजपला मत देत आला आहे. पॅनल लावल्यावर उन्हाळ्यातलं बिल खूप उतरलं, हे तो स्वतःहून सांगतो. पण त्या दुपारी तो म्हणाला, "हे बसवताना कोणी बोललं नाही आमच्याशी. आता सरकार म्हणतं, २०५० पर्यंत सगळा गोवा शंभर टक्के अक्षय ऊर्जेवर, म्हणजे सूर्य-वाऱ्यासारख्या न संपणाऱ्या ऊर्जेवर. माझं घर कागदावर शंभर टक्केच आहे, तरी पंखा बंद. राज्याचं कसं करणार ते समजावून सांग मला."

त्याला समजावताना जे काही बोलले, ते जरा नीट मांडून इथे लिहिते आहे. कारण हा एकट्या मामाचा प्रश्न नाही. फोंड्यात, पेडण्यात, सत्तरीत, जिथे जाते तिथे भाजपचेच मतदार हे विचारतात. त्यांना सूर्याची वीज नको आहे असं मुळीच नाही. वचनावर विश्वास बसत नाही, एवढंच.

आधी सरकारच्या बाजूचं खरं आहे ते सांगायला हवं. २०१४ मध्ये देशाची सौरऊर्जेची क्षमता तीन हजार मेगावॉटच्या आत होती. जानेवारी २०२५ मध्ये ती एक लाख मेगावॉटच्या पलीकडे गेली. पंतप्रधानांनी २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०३० पर्यंत पाच लाख मेगावॉट बिगर-जीवाश्म क्षमता आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन (हवेत जितका कार्बन सोडू तितकाच परत शोषून घेऊ) अशी वचनं दिली. २०३० पर्यंत वीजनिर्मितीची निम्मी क्षमता कोळसा, वायू, तेल यांच्याशिवायची असेल हे उद्दिष्ट तर जून २०२५ मध्येच, पाच वर्षं आधी गाठलं गेलं. हे काम झालेलं आहे, आणि ते नाकारणाऱ्याशी मी वाद घालीन.

पण यातला 'क्षमता' हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. दिवाडीच्या फेरीबोटीचं बघा. बोटीत एका वेळी किती गाड्या मावतात, ती झाली क्षमता. दिवसभरात किती गाड्या खरोखर पार गेल्या, ते झालं उत्पादन. बोट मोठी असली तरी दिवसातून चारच फेऱ्या मारत असेल, तर रोज वीस फेऱ्या मारणारी लहान बोट जास्त गाड्या नेते. सौर पॅनल ही दिवसा, ऊन असतानाच फेरी मारणारी बोट आहे. कोळशाचं केंद्र रात्रंदिवस चालतं. म्हणून क्षमतेत निम्मा वाटा बिगर-कोळशाचा झाला तरी देशात प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या युनिटांत सत्तर टक्क्यांच्या आसपास अजून कोळशाचीच आहेत. ज्या वर्षात सौरऊर्जेने लाखाचा टप्पा ओलांडला, त्याच २०२४-२५ मध्ये देशातलं कोळसा उत्पादनही पहिल्यांदा एक अब्ज टनांच्या वर गेलं. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. सभेत त्यातली एकच सांगितली जाते.

आता गोव्याकडे येऊ. आपल्याकडे स्वतःचं मोठं वीज केंद्र नाही. सांकवाळला खासगी कंपनीचं नॅफ्थ्यावर चालणारं ४८ मेगावॉटचं केंद्र होतं, तेही बंद पडलं. आपली वीज येते ती मुख्यतः केंद्राच्या वाट्यातून, छत्तीसगडमधल्या कोरबा आणि मध्य प्रदेशातल्या विंध्याचल यांसारख्या कोळशाच्या केंद्रांतून. आपल्याकडे वीज कंपनी नाही, वीज खातं आहे. ते घाऊक वीज विकत घेतं आणि घरोघर पोचवतं.

अशा राज्याने शंभर टक्के अक्षय ऊर्जेवर जायचं म्हणजे काय? ढोबळ हिशेब करून बघू. वर्षभराची सरासरी मागणी ५०० मेगावॉट धरली, तर वर्षाला सुमारे ४३८ कोटी युनिटं होतात. एक मेगावॉट सौर प्रकल्पातून आपल्या भागात वर्षाला १४-१५ लाख युनिटं निघतात, आणि त्याला चार ते पाच एकर जमीन लागते. म्हणजे सगळी वीज इथेच सूर्यावर करायची तर जवळपास ३,००० मेगावॉट लागतील आणि जमीन लागेल १२ ते १५ हजार एकर. पंधरा हजार एकर म्हणजे ६० चौरस किलोमीटर. गोव्याचं एकूण क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, आणि त्यात अभयारण्यं आहेत, खाजन शेती आहे, कुळागरं आहेत, गावं आहेत. एवढी मोकळी जमीन काढायची कुठून? सड्यांवर म्हणाल, तर तेच सडे पावसाचं पाणी जिरवतात आणि खालच्या झऱ्यांना पुरवतात.

शिवाय आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर इथे सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. मामीच्या कपाटात बिलं ओळीने लावलेली आहेत. मे महिन्यात घरातून तारेत गेलेली युनिटं भरपूर, जुलैत अगदीच थोडी. आणि संध्याकाळी साडेसात वाजता, जेव्हा घराघरांतले दिवे, मिक्सर, एसी एकदम सुरू होतात, तेव्हा सूर्य मावळलेला असतो.

म्हणून शंभर टक्क्यांचा व्यवहारात अर्थ असा निघतो की आपण राजस्थान-गुजरातमधली सौर आणि पवन वीज करार करून विकत घ्यायची, छपरांवर होईल तेवढी इथे करायची, आणि वर्षाच्या शेवटी जितकी युनिटं वापरली तितकी कागदावर अक्षय म्हणून दाखवायची. यात फसवणूक काही नाही. जगभर हिशेब असाच ठेवतात. देशातल्या प्रत्येक वीज वितरकावर तसं बंधनही आहे. केंद्राने ठरवून दिल्याप्रमाणे २०२९-३० पर्यंत वापरलेल्या विजेतला ४३.३३ टक्के वाटा अक्षय असायला हवा. तेवढी वीज मिळाली नाही तर प्रमाणपत्रं विकत घेऊन भरपाई करता येते. एक प्रमाणपत्र म्हणजे हजार युनिटं. पण मग मतदाराला हे सरळ सांगायला हवं की पावसाळ्यातल्या रात्री तुमच्या घरातला दिवा बहुधा कोळशावरच जळेल, हिशेब मात्र दुपारी राजस्थानात झालेल्या विजेशी जुळवला जाईल. साठवणीसाठी बॅटऱ्या किंवा पाणी वर चढवून ठेवणारे प्रकल्प लागतील आणि त्यांचा खर्च कोणाच्या तरी बिलात येईल. "शंभर टक्के" असं फलकावर लिहिताना यातलं काहीच मावत नाही. मग लोकांनी "हे कसं होणार?" असं विचारलं तर दोष लोकांना कसा द्यायचा?

अविश्वासाचं दुसरं कारण विजेच्या गणिताहून जुनं आहे. एका हाताने काय देतात आणि दुसऱ्या हाताने काय चाललंय, हे लोक बघत असतात.

राज्य सरकारने २०५० चं उद्दिष्ट २०२३ मध्ये मांडलं. त्याच वर्षीच्या जुलैत मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की जानेवारी २०२४ पासून पर्यटनासाठी घेतल्या जाणाऱ्या नव्या गाड्या, भाड्याच्या दुचाक्यांसह, इलेक्ट्रिकच असतील. आज कळंगुट-बागाच्या रस्त्यावर उभं राहून भाड्याच्या स्कूटरी बघा. एक्झॉस्टचा धूर अजून तसाच आहे. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांना अनुदान सुरू केलं होतं, ते जुलै २०२२ च्या अखेरीस थांबवलं. माझ्या शेजारच्या मुलाने त्या अनुदानाच्या भरवशावर स्कूटर घ्यायचा बेत केला होता. पुढे काही सुधारणा झाल्याही असतील, पण त्याच्या मनात राहिलं ते हेच, की सुरू केलेलं सात-आठ महिन्यांत बंद होतं.

माडाची गोष्ट तर लहान पोरंही सांगतात. २०१६ मध्ये इथल्या भाजप सरकारने कायद्यात बदल करून माडाला झाडाच्या व्याख्येतून काढलं. माड तोडायला परवानगी लागेनाशी झाली. ज्या गोव्यात माडाशिवाय चवथ होत नाही, लग्न होत नाही, हुमण होत नाही, तिथे हे बोलणं जिव्हारी लागलं. पुढच्याच वर्षी माड परत झाड झाला, राज्यवृक्षही झाला. निर्णय सुधारला ही चांगली गोष्ट. पण असा निर्णय होऊ शकतो, हे लोकांना कळलं ते कळलंच.

मोलेची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे विजेचा आणि जंगलाचा प्रश्न एकमेकांत गुंतलाय. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटर जंगल आहे. त्यातून तीन प्रकल्प न्यायचे ठरले: रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं चौपदरीकरण आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी. २०२० मध्ये, टाळेबंदीच्या वर्षात, विरोध पेटला. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरला हजारो माणसं रेल्वे रुळांवर जाऊन बसली. त्यात म्हातारी माणसं होती, कॉलेजची मुलं होती, आणि दरवेळी वेगवेगळ्या पक्षांना मत देणारी घरं होती. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ मध्ये रेल्वे प्रकल्पाच्या विरोधात अहवाल दिला आणि ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने त्या दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंजुरी रद्द केली.

वीजवाहिनीबद्दल मात्र माझं मत चळवळीतल्या काही मित्रांपेक्षा वेगळं आहे. "ती छत्तीसगडमधल्या तमनारच्या कोळशाची वीज आणणारी तार" असं म्हटलं जातं. पण तारेला कोळसा आणि सूर्य यांतला फरक कळत नाही. उद्या राजस्थानातली सौर वीज आणायची झाली तरी मजबूत वाहिनी लागणारच. खरी तक्रार आहे ती मार्गाची. सांगोडला त्या वाहिनीच्या उपकेंद्रासाठी कापलेली झाडं, जंगलातून काढलेला नवा पट्टा, आणि आधीच असलेल्या वाहिनीच्या कडेने नेता येत असताना वेगळा रस्ता धरणं. जे सरकार हरित ऊर्जेच्या नावाने मत मागतं, त्याने हा प्रश्न न्यायालयापर्यंत जायच्या आधी स्वतःला विचारायला हवा होता.

त्याच जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई अभयारण्य आणि आसपासचा प्रदेश तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करा असा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याच वर्षाच्या मार्चमध्ये म्हादईच्या जंगलात दिवसचे दिवस आगी धुमसत होत्या, धूर आमच्या वाळपईच्या नातेवाइकांच्या अंगणापर्यंत येत होता. आणि जमीन रूपांतरं? नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये १७(२) हे कलम आलं, २०२४ मध्ये ३९(अ). एखादी जमीन आराखड्यातल्या एका वापरातून दुसऱ्यात नेण्यासाठीची ही कलमं. १७(२) खालचे नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले. डोंगर कापला, शेत भरलं, की पाऊस मुरायची जागा जाते. २३ जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी आणि डिचोलीत घरं पडलेली ज्यांनी बघितली, त्यांना हवामान बदल म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

हे एकाच पक्षाचं पाप असं मी म्हणणार नाही. कुठली जमीन कशाला वापरायची हे २०११ सालापर्यंतसाठी ठरवणारा 'प्रादेशिक आराखडा २०११' काँग्रेसच्या काळातला. लोक रस्त्यावर आल्यावर तो २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. आणि वचनाची किंमत कशी उतरते याचं सगळ्यात कडवट उदाहरण तर काँग्रेसचंच आहे. २०२२ च्या निवडणुकीआधी त्यांच्या उमेदवारांनी मंदिरात, क्रुसापुढे, दर्ग्यात शपथा घेतल्या, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. जिथे आमदारच राहत नाही तिथे जाहीरनामा कुठून राहणार?

मग परंपरावादी, उद्योगस्नेही पक्षावरच हवामानाबाबत जास्त संशय का? हे गोव्यापुरतं नाही. ब्रिटनच्या कॉन्झर्वेटिव्ह पक्षाने २०१० मध्ये आजवरचं सर्वांत हरित सरकार देऊ असं म्हटलं. २०१५ मध्ये त्याच पक्षाने जमिनीवरच्या पवनचक्क्यांचं अनुदान संपवलं आणि इंग्लंडमध्ये नियम इतके कडक केले की नव्या चक्क्या जवळपास थांबल्या. २०१९ मध्ये त्यांनीच निव्वळ शून्याचं उद्दिष्ट कायद्यात आणलं, २०२३ मध्ये पेट्रोल गाड्यांवरची बंदी पाच वर्षं पुढे ढकलली. ऑस्ट्रेलियात स्कॉट मॉरिसन २०१७ मध्ये कोळशाचा गोळा हातात धरून संसदेत उभे राहिले, २०२१ मध्ये पंतप्रधान म्हणून २०५० चं निव्वळ शून्य मान्य केलं, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्यांच्या लिबरल पक्षाने ते उद्दिष्ट सोडूनही दिलं.

यामागचं कारण समजण्यासारखं आहे. अशा पक्षाचा भरवसा ज्या वर्गावर असतो, म्हणजे बांधकाम, खाण, वाहतूक, जमीन, त्या वर्गाला हवामानधोरणाचा खर्च आज सोसावा लागतो. फायदा सगळ्यांना, पण पुढे कधीतरी. मग पक्षाला सोपा मार्ग असा, की दूरच्या सालासाठी मोठं वचन द्यायचं आणि जवळच्या सालात त्या वर्गाला दुखवायचं नाही. मी मामाला म्हटलं, २०२७ पासून मोजत गेलं तर २०५० च्या आधी विधानसभेच्या पाच निवडणुका होतील. जाब कोणाला विचारणार? तो म्हणाला, "माझ्या नातवाने विचारायचा."

एक गोष्ट बाहेरच्यांना नीट कळत नाही. संशय असला म्हणून मत बदलतं असं नाही. मामा मोलेच्या बाजूने होता आणि २०२२ मध्ये त्याने कमळालाच मत दिलं. रस्ता झाला होता, गृहिणींसाठीच्या गृहआधार योजनेचे पैसे वेळेवर येत होते, उमेदवार मयतीला येऊन उभा राहणारा होता. त्या निवडणुकीत भाजपला मतांचा सुमारे एक तृतीयांश वाटा आणि ४० पैकी २० जागा मिळाल्या, कारण उरलेली मतं चार-पाच ठिकाणी विखुरली. म्हणून निकालावरून "लोकांना हरित वचन पटलं" असा अर्थ कोणी काढू नये, आणि "लोकांना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही" असाही काढू नये.

विचारायचं कुठे, हे मामाला ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं ग्रामसभा. ग्रामसभेत अवश्य विचारावं, पण विजेसाठी आणखी एक जागा आहे. वीजदर ठरवण्यासाठी गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांचा संयुक्त वीज नियामक आयोग आहे. वीज खातं त्याच्यापुढे दराची याचिका ठेवतं, तिची जाहीर सुनावणी होते आणि कोणताही ग्राहक तिथे जाऊन बोलू शकतो, लेखी हरकत देऊ शकतो. त्या याचिकेत तक्ता असतो: कुठल्या केंद्राकडून किती युनिटं घेतली, अक्षय किती, प्रमाणपत्रांवर किती खर्च केला. २०५० च्या फलकापेक्षा त्या तक्त्यातला यंदाचा आणि गेल्या वर्षीचा रकाना शेजारी शेजारी ठेवून बघणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. आकडा दरवर्षी चढत असेल तर वचनात जीव आहे.

चार वाजता लाईट आली. इन्व्हर्टरवरचा लाल दिवा थोडा वेळ तसाच राहिला, मग हिरवा झाला. मामाने कपाटातून शेवटचं बिल काढलं, चष्मा लावला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने दोन ओळी लिहिल्या: सुनावणी कधी असते, आणि बॅटरीला किती लागतील. मामीने ते बिल त्याच्या हातातून घेऊन देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवलं, जिथे गॅसची पावती आणि लग्नाच्या पत्रिका असतात.